ब्राउझर बिघडलाय? फॉरमॅट मारायच्या आधी जरा थांबा

मागच्या अंकात जाता जाता लिहून गेलो होतो की पुढच्या वेळी ब्राउझरच्या तक्रारी पाठवा. आता पस्तावतोय. एवढी पत्रं आलीत की सगळ्यांना उत्तर द्यायचं तर अख्खा अंक लागेल, म्हणून सातच घेतोय. पण एक वाक्य जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे, "क्रोम काढून परत टाकला तरी तेच!" त्याचं आधी बोलून घेऊ, म्हणजे दर उत्तरात तेच दळण नको.

आपण ज्याला ब्राउझर म्हणतो त्या खरं तर दोन गोष्टी आहेत. एक तो प्रोग्राम, जो आपण डाउनलोड करून टाकतो. दुसरं तुमचं प्रोफाइल, म्हणजे बुकमार्क, पासवर्ड, कुकीज (साइट तुमचं लॉगिन वगैरे लक्षात ठेवायला ठेवतात त्या छोट्या नोंदी), एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेले छोटे जादा प्रोग्राम), कुठल्या साइटला काय परवानगी दिली ते सगळं. हे वेगळ्या फोल्डरमध्ये पडलेलं असतं. प्रोग्राम सहसा बिघडत नाही, बिघडतं ते प्रोफाइल. क्रोम अनइन्स्टॉल करताना एक छोटी खिडकी येते, तिच्यात ब्राउझिंग डेटा पण काढू का असं विचारणारा चौकोन असतो, तो कोणीच टिक करत नाही, मग प्रोग्राम जातो, प्रोफाइल तिथेच राहतं, आणि नवीन क्रोम टाकला की तो जुनंच प्रोफाइल उचलतो. म्हणजे घराला रंग दिला, आतले ढेकूण तसेच. त्यातून गुगल अकाउंटने साइन-इन करून सिंक (प्रोफाइलची नक्कल गुगलकडे ठेवायची सोय) चालू ठेवलं असेल तर अजून मजा, फॉरमॅट मारून विंडोज नवं टाकलं तरी साइन-इन केल्या केल्या तेच नालायक एक्स्टेन्शन परत हजर. मी स्वतः एका नातेवाइकांच्या मशीनवर दिवाळीतली अख्खी दुपार अशी घालवलीये, चहा तीनदा झाला आणि संध्याकाळी अडचण जिथल्या तिथे.

म्हणून काढून टाकण्याऐवजी हे करा. क्रोममध्ये वर उजवीकडे तुमच्या फोटोचा किंवा अक्षराचा गोल असतो, त्यावर क्लिक करून नवीन प्रोफाइल जोडा, अकाउंट न जोडता. दोन मिनिटांचं काम. नव्या प्रोफाइलमध्ये सगळं नीट चालत असेल तर दोष जुन्या प्रोफाइलमध्ये आहे, नेटवाल्याला फोन करायची गरज नाही. तिथेही तसंच होत असेल तर मशीन किंवा नेट बघायचं. एवढं डोक्यात ठेवून पुढची उत्तरं वाचा.

प्रश्न: सर, नमस्कार. मी निवृत्त शिक्षक आहे. गेल्या आठवड्यापासून घरच्या कॉम्प्युटरवर कुठलीही साइट उघडली की लाल त्रिकोण येतो आणि "युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट" असं लिहून येतं. गुगलसुद्धा उघडत नाही. मोबाईल त्याच वायफायवर व्यवस्थित चालतो. दुसरा ब्राउझर टाकून पाहिला, तोच प्रकार. कॉम्प्युटर रिपेअरवाला मुलगा म्हणाला व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल. कॉम्प्युटर दहा वर्षं जुना आहे पण मी जपून वापरतो, रात्री न चुकता बोर्डाचं बटण बंद करतो. — एक वाचक, सांगली

उत्तर: सर, आधी स्क्रीनच्या खाली उजव्या कोपऱ्यात बघा. तारीख काय आहे? माझी पैज, ती आजची नाहीये. काही वर्षांपूर्वीची असेल, १ जानेवारी वगैरे.

तुम्ही पत्रातच निम्मं निदान करून दिलंय. मोबाईल त्याच वायफायवर चालतो म्हणजे नेट ठीक, दुसऱ्या ब्राउझरमध्येही तेच म्हणजे ब्राउझर ठीक, एका नाही तर सगळ्या साइटना तेच म्हणजे साइट ठीक. राहिलं काय, मशीन. आणि मशीनच्या ज्या एका गोष्टीवर सगळे ब्राउझर डोळे झाकून विश्वास ठेवतात ती म्हणजे घड्याळ.

होतं असं की प्रत्येक सुरक्षित साइटकडे एक सर्टिफिकेट असतं, त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल त्या तारखा असतात, बसच्या पाससारख्या. ब्राउझर साइटवर गेला की पास बघतो आणि तुमच्या कॉम्प्युटरच्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळ म्हणतंय २०१५ आणि पास यंदाचा, मग ब्राउझरच्या लेखी हा पास अजून निघालेलाच नाही, म्हणून तो दार उघडत नाही. पूर्वी हे पास दोन-तीन वर्षांचे असायचे. सप्टेंबर २०२० पासून जास्तीत जास्त ३९८ दिवसांचे झाले, आणि आता ठरलंय की टप्प्याटप्प्याने कमी करत मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवसांचे करायचे. म्हणजे घड्याळ दोन महिने मागेपुढे असलं तरी पुढे ते झेपणार नाही.

आता घड्याळ चुकलं कशाने? तुमच्या त्या शिस्तीने, सर, रागावू नका. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी एक गोल बॅटरी असते, सीआर २०३२ नावाची, ३ व्होल्टची. बोर्डाचं बटण चालू असेल तर कॉम्प्युटर बंद असतानाही घड्याळाला विजेतून थोडा करंट मिळतो. बटण बंद केलं की सगळा भार त्या बॅटरीवर. रोज रात्री बंद, गावाला गेलात की पंधरा दिवस बंद, असं दहा वर्षं चाललं तर ती बिचारी दमणारच. (बटण बंद करू नका असं म्हणत नाहीये हां, वीज कडाडत असेल तर अवश्य करा, फक्त बॅटरी लवकर जाते एवढंच.)

आज लगेच करायचं ते म्हणजे तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये जाऊन तारीख नीट करा, टाइम झोन भारताचा म्हणजे साडेपाच तास पुढचा आहे ना बघा, आणि वेळ आपोआप जुळवायचं बटण चालू करा. ब्राउझर बंद करून परत उघडा, सगळं चालेल. पण उद्या सकाळी परत तेच होईल, कारण बॅटरी मेलेलीच आहे. ती इलेक्ट्रॉनिक्सच्या नाहीतर घड्याळाच्या दुकानात शंभराच्या आत मिळते. बदलताना बटण बंद करून वायर काढा, बाजूचा पत्रा उघडा, बॅटरीची क्लिप हलकेच दाबली की ती उडी मारून बाहेर येते, नवी बसवताना अक्षरं लिहिलेली बाजू वर. पहिल्यांदा चालू करताना काळ्या स्क्रीनवर एखादं बटण दाबायला सांगेल, तिथे तारीख टाकून सेव्ह करा. लॅपटॉपचं मात्र स्वतः उघडायच्या भानगडीत पडू नका, तिथे बॅटरी कुठे लपवलीये ते शोधण्यातच जीव जातो.

आणि एक. त्या लाल पानावर खाली "अॅडव्हान्स्ड" असं असतं, तिथून "तरीही पुढे जा" करता येतं. बँकेच्या साइटवर ते कधीही करू नका. घड्याळ बरोबर असताना आणि फक्त एकाच साइटला हे पान येत असेल तर बहुतेक त्या साइटवाल्यांनीच पास रिन्यू केलेला नाही, आपण थांबायचं.

आपण एकटेच गाफील असतो असं समजू नका. मे २०१९ मध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या एका सर्टिफिकेटची मुदत संपली ते कोणाच्या लक्षात आलं नाही आणि जगभरच्या लोकांची एक्स्टेन्शन एका रात्रीत बंद पडली. तेव्हा कित्येकांनी फायरफॉक्स काढून परत टाकला. उपयोग शून्य.

प्रश्न: दादा, माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात सारखे चौकोन येतात, "तुमच्या पीसीमध्ये ५ व्हायरस आहेत", "लॉटरी लागली", आणि काय काय घाणेरडं पण, नातवंडं समोर असतात हो. एकदा तर पूर्ण स्क्रीन लाल झाली, भोंगा वाजायला लागला आणि एक फोन नंबर आला. मी घाबरून मेन स्विचच बंद केला. शिवाय गुगलवर काही शोधलं की तिसरंच पान उघडतं. क्रोमच्या मेनूत सगळ्यात खाली "तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित" असं पण आलंय. माझी कुठलीच संस्था नाही. — एक गृहिणी, चिपळूण

उत्तर: काकू, पहिल्यांदा शाबासकी, की तुम्ही त्या नंबरवर फोन केला नाहीत. मेन स्विचपर्यंत जायची गरज नव्हती, पण फोन करण्यापेक्षा ते हजार पटीने बरं.

तुमच्याकडे तीन वेगवेगळ्या गोष्टी झाल्यात आणि त्या एकच वाटतायत.

कोपऱ्यातले चौकोन हा व्हायरसच नाहीये. कधीतरी तुम्ही सिरियल किंवा पंचांगाची पीडीएफ शोधताना एखाद्या साइटवर गेला असाल, तिथे आलं असेल "मी रोबोट नाही हे सिद्ध करायला अलाउ दाबा". तो अलाउ म्हणजे नोटिफिकेशन पाठवायची परवानगी. तुम्ही दाबलात आणि त्या साइटला घरात ये-जा करायचा पासच मिळाला, आता ती साइट उघडी नसली तरी चौकोन येत राहणार. उपाय सोपा आहे, क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसेल. ओळखीची नावं सोडून बाकी सगळी उडवा. वर साइटना विचारायचीच बंदी करायचा पर्याय आहे, तोही निवडून टाका, घरच्या कॉम्प्युटरवर नोटिफिकेशनवाचून कोणाचं काही अडत नाही. अँटिव्हायरस यात काहीही पकडणार नाही, कारण परवानगी तुम्हीच दिलीये, म्हणून लोक तीन तीन अँटिव्हायरस टाकतात आणि मशीन आणखी रखडतं.

लाल स्क्रीन आणि भोंगा म्हणजे नुसतं एक वेबपेज. खरंच सांगतो, साधं पान, पूर्ण स्क्रीनभर पसरलेलं, म्हणून बंद करायची फुली दिसत नाही आणि माणूस घाबरतो. परत आलं तर एस्केप बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा. नाही गेलं तर ऑल्ट आणि एफ-४. तेही नाही जमलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर येईल, तिथून क्रोम बंद करा, आणि परत उघडल्यावर "रिस्टोअर" विचारेल ते दाबू नका, नाहीतर तेच पान पुन्हा छाताडावर. त्या नंबरवर जे बसलेले असतात ते एनीडेस्कसारखं, दुरून तुमचा कॉम्प्युटर चालवता येणारं काहीतरी टाकायला लावतात आणि तुमच्या डोळ्यांदेखत बँकेत शिरतात. ओळखीत कोणी असं फसलं असेल तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा, हा सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी नंबर आहे, जितक्या लवकर फोन तितकी पैसे वाटेत अडवायची शक्यता जास्त.

आता तिसरं, म्हणजे शोधलं की भलतंच पान आणि ती "संस्था". इथे मात्र खरंच काहीतरी घुसलंय. बहुतेक कुठलातरी फुकट पीडीएफ कन्व्हर्टर किंवा व्हिडिओ डाउनलोडर टाकताना नेक्स्ट-नेक्स्ट करत गेलात त्याबरोबर आलंय. कंपन्यांमध्ये हजार कॉम्प्युटरवर एकाच वेळी नियम लावता यावेत म्हणून क्रोममध्ये पॉलिसी नावाची सोय असते, हे लबाड लोक तीच वापरतात, म्हणजे त्यांचं एक्स्टेन्शन काढायचं बटणच राहत नाही. क्रोमला वाटतं हे ऑफिसचं मशीन आहे, साहेबांचा हुकूम. (काही अँटिव्हायरसही असे नियम लावतात, तेव्हा ती ओळ दिसली म्हणजे घात झालाच असं नाही, पण तुमच्याकडे सर्चही पळतंय म्हणून म्हणतो.)

क्रम असा ठेवा. आधी क्रोममधलं सिंक बंद करा, का ते वर सांगितलं. मग कंट्रोल पॅनेलमध्ये प्रोग्रामची यादी तारखेप्रमाणे लावा, त्रास सुरू झाला त्या दिवसांत जे अनोळखी आलंय ते काढा. मग मालवेअरबाइट्सचं अॅडव्क्लीनर नावाचं फुकट टूल त्यांच्याच साइटवरून घेऊन चालवा, हे असल्या चिकट गोष्टी काढण्यासाठीच आहे. त्यानंतर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये रिसेट सेटिंग्ज करा, त्यात बुकमार्क आणि पासवर्ड जात नाहीत, एक्स्टेन्शन बंद होतात आणि कुकीज जातात, म्हणजे सगळीकडे परत लॉगिन करावं लागेल एवढंच. शेवटी डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टार्गेट नावाची ओळ बघा. तिच्या शेपटाला एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तो खोडा किंवा सरळ आयकॉन काढून नवा बनवा. हे शेपूट भलेभले विसरतात, मीही विसरलोय. एवढं करूनही संस्था ठाण मांडून बसली असेल तर मग रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या वहीत, हात घालावा लागतो, ते जाणकाराला बसवून करा, पत्र वाचून करू नका.

प्रश्न: एकाच सरकारी साइटवर फॉर्म भरताना सबमिट दाबलं की काहीच होत नाही, गोल फिरत राहतो. बाकी सगळं मस्त. शेवटची तारीख जवळ आलीये!! — विद्यार्थी, लातूर

उत्तर: इन्कॉग्निटो म्हणजे क्रोमची खाजगी खिडकी उघड, कंट्रोल शिफ्ट एन, तिथे भरून बघ. तिथे एक्स्टेन्शन आपोआप बंद असतात आणि जुन्या कुकीज नसतात, त्यामुळे अर्धे असले प्रॉब्लेम तिथेच सुटतात. सुटला तर मूळ खिडकीत पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून फक्त त्या साइटचा डेटा काढ. सगळा इतिहास आणि कुकीज पुसायची गरज नाही, लोक उगीच घरादाराचे लॉगिन घालवून बसतात. आधी तिथे कुलूप असायचं, २०२३ मध्ये क्रोमने ते काढून दोन आडव्या रेघांचं चिन्ह टाकलं, कारण लोकांना वाटायचं कुलूप म्हणजे साइट भरवशाची, आणि कुलूप तर भामट्यांच्या साइटलाही मिळतं.

इन्कॉग्निटोतही नाही झालं तर पत्त्याच्या उजवीकडे बघ, पॉप-अप अडवल्याची छोटी खूण आली असेल, या साइटना पावती नव्या खिडकीत उघडायची फार हौस. आणि तेही नसेल तर रात्री अकरानंतर किंवा पहाटे कर बाबा, शेवटच्या तारखेला सर्व्हरच आडवा झालेला असतो, त्याला ब्राउझर काय करणार.

प्रश्न: यूट्यूबचा आवाज येतो पण चित्र काळं. कधी कधी क्रोमची अख्खी खिडकीच काळी होते. — एक वाचक, भुसावळ

उत्तर: क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम या भागात ग्राफिक्स अॅक्सेलरेशनचं बटण आहे, ते बंद करून रिलाँच करा. चाललं तर दोष ग्राफिक्स ड्रायव्हरचा, म्हणजे चित्र दाखवणारा भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, तो मशीनच्या कंपनीच्या साइटवरून अपडेट करा आणि मग बटण परत चालू करा. कायम बंद ठेवलंत तर व्हिडिओचा सगळा भार प्रोसेसरवर पडून पंखा घरघरत राहील.

प्रश्न: माझं छोटं किराणा दुकान आहे. विंडोज ७ वर सगळा हिशोब, आणि जाहिराती, लग्नपत्रिका वगैरे श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये करून देतो. क्रोम सारखं म्हणतं की यापुढे अपडेट मिळणार नाहीत, आता बऱ्याच साइट अर्धवट उघडतात, बटणं एकावर एक येतात. पुण्याचा मुलगा म्हणतो भंगारात टाका. मशीन चालतंय मस्त, का टाकू? ४ जीबी रॅम आहे. — एक दुकानदार, बार्शी

उत्तर: भाऊ, तुमचं पण बरोबर आणि मुलाचं पण, म्हणून मधला रस्ता काढू.

मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० ला रामराम ठोकला. गुगलने तरी पुढे तीन वर्षं क्रोम चालवला, पण १०९ ही त्यावरची शेवटची आवृत्ती, जानेवारी २०२३ मधली. तुमच्याकडे तीच असणार. साइट मात्र आजच्या ब्राउझरसाठी लिहिल्या जातात, त्यातलं नवं काही तुमच्या १०९ ला कळत नाही म्हणून बटणं एकावर एक चढतात. यात तुमचं काही बिघडलेलं नाही, क्रोम परत टाकला तरी १०९ च येणार, सेटिंग्ज कितीही उलटीपालटी केली तरी फरक पडणार नाही. इंटरनेटवर "विंडोज ७ साठी लेटेस्ट क्रोम" म्हणून काहीबाही फाइली मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

विंडोज ७ वर फायरफॉक्सची ११५ ही ईएसआर म्हणजे लांब मुदतीची आवृत्ती चालते, मोझिलाने तिला क्रोमपेक्षा पुष्कळ जास्त काळ सुरक्षेचे अपडेट दिले. ती टाकून बघा, निदान आजचा दिवस निघेल. पण दिवसच निघेल, संसार नाही.

मुलगा म्हणेल विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाका, ४ जीबीवर मजेत पळतं. खरंय. सगळं काम ब्राउझरमध्ये असतं तर मीही तेच सांगितलं असतं. पण तुमची श्रीलिपी आणि हिशोबाचं सॉफ्टवेअर विंडोजचं आहे, तिथे ते सरळ चालणार नाही, आणि ऐन लग्नसराईत तुम्ही मला शिव्या घालाल. म्हणून मशीन भंगारात टाकू नका, त्याचं नेट काढा. विंडोज ७ वर श्रीलिपी आणि हिशोब, वायफाय बंद. पत्रिका पेन ड्राइव्हवरून बाहेर. बँक, जीएसटी, ऑर्डर हे सगळं मोबाईलवर किंवा एखाद्या साध्या नव्या मशीनवर. ज्या मशीनला अपडेट मिळत नाहीत त्यावर पैशाचे व्यवहार करू नका, यात मात्र मी मुलाच्या बाजूने.

सेकंडहँड घेणार असाल तर विंडोज १० वाला "चालू कंडिशन" बघून हुरळून जाऊ नका. त्याची मुदतही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, घरगुती मशीनना नाव नोंदवून जास्तीचे सुरक्षा अपडेट मिळतात ते ऑक्टोबर २०२६ पर्यंत. म्हणजे विंडोज ११ झेपेल असंच मशीन बघा, नाहीतर वर्षा-दोन वर्षांत हेच पत्र परत लिहाल.

प्रश्न: मी मेलबर्नला असते. वीस वर्षांपूर्वी काही मराठी साइटवरचे लेख आणि आईच्या काही इमेल मी पानं म्हणून सेव्ह करून ठेवल्या होत्या. आता उघडल्या की मराठीच दिसत नाही, काही ठिकाणी इंग्रजी अक्षरांची खिचडी आणि काही ठिकाणी टोप्या घातलेली चित्रविचित्र अक्षरं. दोन्ही ब्राउझरमध्ये तसंच. फाइली खराब झाल्या का हो? — एक वाचक, ऑस्ट्रेलिया

उत्तर: ताई, फाइली बहुतेक शाबूत आहेत, जीव खाली पडू द्या. तुमच्या पत्रात दोन वेगळे आजार आहेत.

टोप्यावाली अक्षरं हा सोपा आजार. नीट बघा, डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा ए आणि त्याच्या मागे चार कोपऱ्यांत शिंगं फुटलेला एक गोल, ही जोडी सारखी सारखी दिसतेय का? दिसत असेल तर ते अस्सल युनिकोड (सगळ्या भाषांच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणारी पद्धत) मराठी आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एक अक्षर तीन बाइटचं असतं, आणि ब्राउझर ते तीन बाइट म्हणजे तीन युरोपी अक्षरं समजून दाखवतोय. त्यामुळे मजकूर तिप्पट लांब पण दिसत असेल. सेव्ह करताना पानावरची "मी यूटीएफ-८ आहे" ही सूचना गळाली की असं होतं. फाइल फायरफॉक्समध्ये उघडा, ऑल्ट दाबल्यावर वर मेनू येतो, त्यात व्ह्यूमध्ये रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग असं आहे, ते दाबा. झटक्यात मराठी. क्रोममध्ये हा मेनू पूर्वी होता, केव्हाच काढून टाकला, का काढला देव जाणे.

इंग्रजी खिचडी हा जुना आजार, आणि आपल्या भाषेचा खास. युनिकोड रुळायच्या आधी मराठी साइट आपापले फॉन्ट वापरायच्या. फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे, म्हणजे फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरंच आहेत, फॉन्टने नुसता मराठी मुखवटा चढवलेला. तेव्हाचा इंटरनेट एक्स्प्लोरर तो फॉन्ट साइटवरून स्वतः ओढून घ्यायचा म्हणून आपल्याला काही कळायचं नाही. आता तो एक्स्प्लोररही गेला, मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ ला त्याला निवृत्त केलं, आणि मुखवटा उतरला. पानावर राइट क्लिक करून सोर्स बघा, त्यात फॉन्टचं नाव लिहिलेलं सापडेल. तोच फॉन्ट तुमच्या किंवा भावाबहिणीच्या जुन्या मशीनवर सापडला तर टाका, पान पूर्वीसारखं दिसेल. नाहीतर त्या फॉन्टचं युनिकोड करणारा कन्व्हर्टर शोधा, पण प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा, एकाचा कन्व्हर्टर दुसऱ्याला चालत नाही. आणि बदलल्यावर नजर टाकाच, रफार आणि पहिली वेलांटी हमखास भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात, कारण जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि युनिकोडमध्ये नंतर येते.

मूळ फाइली मात्र तशाच जपून ठेवा, बदलायच्या त्या कॉपीवर. आईची पत्रं आहेत ती.

प्रश्न: काका, मी सहावीत आहे. बाबांचे ४० टॅब उघडे होते आणि मी चुकून अख्खी खिडकी बंद केली. बाबा आठ वाजता येतात. प्लीज लवकर सांगा. — (नाव सांगणार नाही), ठाणे

उत्तर: अरे, मासिकाला पत्र पाठवून आठच्या आत उत्तर मिळेल असं वाटलं तुला? असो, पुढच्या वेळेसाठी. क्रोम उघड, कंट्रोल, शिफ्ट आणि टी एकदम दाब. बंद झालेली खिडकी सगळ्या टॅबसकट परत येते. पहिल्यांदा नाही आली तर परत दाब, मध्ये तू दुसरं काही उघडून बंद केलं असशील तर ते आधी येईल. फक्त ती खिडकी इन्कॉग्निटो असेल तर काहीच परत येणार नाही, मग बाबांनाच सांग. आणि ४० टॅब उघडे ठेवतात म्हणून त्यांनाही माझ्यातर्फे दोन शब्द ऐकव, पण जेवण झाल्यावर.